कॉन्चेर्टो घरी वाजवायचाय: एकट्याने की दोन पियानोंवर?

पियानो शिकताना वरच्या ग्रेड्सपर्यंत (परीक्षांच्या पायऱ्या) पोचलं की रोमँटिक कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राने मिळून वाजवायच्या एकोणिसाव्या शतकातल्या वळणाच्या रचना, खुणावायला लागतात, पण ऑर्केस्ट्रा आणायचा कुठून, नुसता ऐकायचा म्हटलं तरी ठाण्याहून ट्रेन पकडून मुंबईतलं एनसीपीए हे कलाकेंद्र गाठावं लागतं. मग उरतात दोन पर्याय. सगळं दोन हातांत बसवलेली सोलो अरेंजमेंट, नाहीतर टू-पियानो स्कोर, ज्यात दुसरा वादक ऑर्केस्ट्रा सांभाळतो.

माझं मत आधीच सांगते, जोडीदार मिळत असेल तर दोन पियानोच. शूमनचा ए मायनर कॉन्चेर्टो (१८४५) घ्या, सुरुवातीच्या धडाक्यानंतर मेन थीम आधी ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) म्हणतो आणि मग तीच पियानो म्हणतो, हे एकट्याने वाजवलं की ऐकणाऱ्याला वाटतं ओळ नुसती रिपीट झाली. राखमानिनॉफच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत तर सुरुवातीचे घंटेसारखे कॉर्ड्स पियानोचे, पण पुढची मोठी चाल स्ट्रिंग्ज आणि क्लॅरिनेटकडे जाते आणि पियानो खाली अर्पेजिओचा (कॉर्डचे सूर एकामागून एक) पूर आणत असतो. दोन हातांत हे बसवायचं म्हणजे काहीतरी गाळावंच लागतं, आणि काय गाळणार हो? ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो तर १८५४ मध्ये दोन पियानोंचा सोनाटा म्हणूनच सुरू झाला होता.

सोलोची बाजू घ्यायची तर शोपँसाठी घेईन. त्याच्या ई मायनर कॉन्चेर्टोच्या रोमांझमध्ये, म्हणजे मधल्या संथ भागात, म्यूट लावलेली (आवाज मऊ केलेली) व्हायोलिन्स हळूच साथ करतात, त्यामुळे बालाकिरेवने केलेल्या सोलो व्हर्जनमध्ये फार काही हरवत नाही. आल्काँनेही बेथोव्हेनच्या सी मायनर कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट (भाग) सोलो केलीय, पण ती प्रचंड अवघड आहे, तिथून सुरुवात नको. आणि एक लक्षात ठेवा, व्हायोलिनचा लांब सूर टिकतो, पियानोचा विरत जातो, म्हणून अरेंजमेंटमध्ये ट्रेमोलो (तेच सूर भराभर पुन्हा पुन्हा वाजवणं) भरलेले असतात आणि मनगट लवकर दमतं.

आता जागेचं. फ्लॅटमध्ये दोन अपराइट (उभे, तारांचे पियानो) कोण ठेवणार, शिवाय आपल्या पावसाळी दमट हवेत दोन्हींचे सूर वेगवेगळे सरकतात आणि एकत्र वाजवले की कानाला टोचतात. दोन ८८ कीजचे वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड कीजचे) डिजिटल पियानो घ्या, एक स्लिम असला तर रिक्षातूनही नेता येतो. एकाकडे अपराइट असेल तर डिजिटलचं ट्यूनिंग सेटिंगमधून त्याच्याशी जुळवता येतं. स्कोरच्या मात्र दोन कॉपी काढा, दोन्ही पार्ट एकाखाली एक छापलेले असतात.

जोडीदार मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर रोमांझ सोलो घ्या, राखमानिनॉफ एकट्याने नको.