भोरजवळच्या गावातला महोत्सव, तबल्याच्या बाजूने

गाणाऱ्या बाईंच्या साथीला तबला घेऊन गेलो होतो, पुण्याहून कात्रज ओलांडलं की दीड तासात गाव. मंदिराचा सभामंडप, समोर सतरंज्या, आयोजक भाऊंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली, तिथेच निम्मे मार्क दिले.

साऊंडवाला मात्र लग्नातला. पहिल्याच धा ला एवढा इको की एकाचे तीन धा, विलंबित (संथ) एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण येतंय तेच कळेना 😅 त्यात धुकं, पुडी (तबल्याचं कातडं) गार पडून मऊ झाली, काळी चारला (बाईंच्या सुराला) लावलेला तबला अर्ध्या तासात उतरला, दर बंदिशीनंतर हातोडी काढायची.

बरोबर 10 ला माईक बंद, नियमच आहे. बाई म्हणाल्या, चालू ठेवू. मग लोक सतरंज्या ओढत पुढे सरकले, एक आजोबा तर माझ्या डग्ग्याला गुडघा टेकून बसले आणि भैरवी तशीच झाली, खरं सांगतो, पुण्यातल्या एसी हॉलमध्ये तानपुरा इतका स्वच्छ ऐकलेला नाही.

मानधनाचं पाकीट त्याच रात्री. शहरात यासाठी महिनाभर फोन करावे लागतात. चार स्टार, एक इकोचा कापला.