व्हेनिसमधला नऊ युरोचा मासा

यंदा इटलीत शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, त्यातही मासे खाणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी व्हेनिसमध्ये दुपारच्या एका जेवणाचे आम्ही तिघांनी १८८ युरो ७२ सेंट भरले. माझ्या खोलीचं महिन्याचं भाडं ३१० युरो आहे. म्हणजे अर्ध्या महिन्याहून जास्त भाडं एका टेबलावर ठेवून आम्ही उठलो.

मी पादुआला शिकते. तिथून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर, तिकीटही स्वस्त. येऊन सहा आठवडे झाले होते, अजून काही पाहिलं नव्हतं. सोबत वर्गातली नाशिकची मैत्रीण आणि कोट्टायमचा एक मुलगा. ती शाकाहारी, आम्ही दोघे मासे खाणारे. फसायचं नाही म्हणून आम्ही बरंच वाचून गेलो होतो. गोंडोल्याचा (तिथल्या वल्ह्याच्या होडीचा) सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नव्हे तर अख्ख्या गोंडोल्याचा, हे माहीत होतं. तेवढे पैसे नव्हते, म्हणून सांता सोफियाच्या धक्क्यावरून 'त्रागेत्तो'ने मोठा कालवा ओलांडला. हीसुद्धा गोंडोलाच, पण निव्वळ पलीकडे नेऊन सोडते, माणशी २ युरो. परवडत नसेल तर हे नक्की करा.

पलीकडे उतरलं की समोरच रिआल्तोचा मासळी बाजार. मी मालवणची, त्यामुळे तिथून माझा पाय निघेना. बांगड्यासारखे चकचकीत मासे, माकुल, बर्फावर हलणाऱ्या कुर्ल्या, आणि प्रत्येक ढिगावर किलोचा भाव लिहिलेली पाटी. जिताड्यासारखा दिसणारा 'ब्रांझीनो' त्या सकाळी २२ युरो किलो होता. बाजाराजवळ भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी आहे. कुठला मासा किमान किती लांब असेल तरच विकायचा, हे तिच्यावर कोरलंय. वाम २५ सेंटिमीटर, कालव ५ सेंटिमीटर. ज्या गावाने माशाची मापं दगडात कोरून ठेवली, तिथे माप कुणी चुकवेल असं मनातही आलं नाही. (बाजार रविवार-सोमवार बंद असतो, पाहायचा असेल तर शनिवारी सकाळी जा.)

सान मार्कोचा चौक पाहून होईस्तोवर अडीच वाजले. पोटात कावळे ओरडत होते. मागच्या एका गल्लीत दारात उभा असलेला माणूस मेनू पुढे करून आत बोलवत होता. पास्ता १६ युरो. मेनूच्या खालच्या बाजूला 'आजचा मासा' आणि पुढे ९ चा आकडा. वेटर एका ताटात तीनचार मासे घेऊन आला. ताजे होते, डोळे स्वच्छ, कल्ले लालबुंद, त्यात खोट काढता येत नव्हती. एक ब्रांझीनो दाखवून म्हणाला, हा दोघांना बरोबर होईल. मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, किती? त्याने मेनूवरच्या ९ वर बोट ठेवलं. "नोवे."

मैत्रीण मला म्हणाली, "अगं, नऊ युरोला एवढा मासा कसा देतील? परत विचार ना."

"विचारलं की. नऊच म्हणाला."

त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत एक शब्द होता. मी तो वाचलासुद्धा, पण अर्थ लागला नाही आणि वेटर खोळंबलाय म्हणून पुढे गेले. तो शब्द 'एत्तो'. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. इथे चीज, हॅम असं सगळं एत्तोच्या हिशेबाने मागतात, आणि हॉटेलात अख्ख्या माशाचा दरही बहुतेकदा एत्तोचाच असतो. तोही कच्च्या माशाचा, डोकं-काटे धरून. काही मेनूंवर आकडाच नसतो, नुसतं 'एस. क्यू.' असतं, म्हणजे वजनाप्रमाणे. नऊ युरो एत्तो म्हणजे ९० युरो किलो. सकाळी बाजारात पाहिलेल्या भावाच्या चौपट.

बिल आलं ते असं. मासा १२१.५०. पास्ता १६. भाजीच्या दोन बश्या १४. पाणी ५. बसण्याचे, ज्याला इथे 'कोपेर्तो' म्हणतात, माणशी ४ प्रमाणे १२. वर बारा टक्के सर्व्हिस, २०.२२. माशापुढे वजन लिहिलेलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तोंडी सांगितलं, एक किलो साडेतीनशे ग्रॅम.

दर न कळणं ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण वजन? लहानपणापासून आईबरोबर बाजारात जाऊन वाट्यातले मासे हातात घेऊन पारखलेत मी. जवळजवळ दीड किलोच्या माशाचं डोकंच केवढं असतं, त्याच्या तुकड्यांनी घरातल्या पाच माणसांचं जेवण होतं. आमच्या पुढ्यात डोकं काढून, काटे काढून तळहाताएवढे दोन दोन तुकडे आले होते. पोट भरलं नाही म्हणून आम्ही भाजीची दुसरी बशी मागवली होती! मी म्हटलं, मासा आमच्यासमोर तोललाच नाही. वेटर खांदे उडवून म्हणाला, तुम्ही खाल्लात ना? आता कसा तोलू?

याला उत्तर नव्हतं. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. मैत्रीण अजून शांतपणे मॅनेजरला बोलवा म्हणत होती, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, केव्हा एकदा बाहेर पडतो असं वाटत होतं. कोट्टायमच्या मुलाने कार्ड काढलं. ती घाई मला अजून सलते. त्या माणसाचा सगळा भरवसा आमच्या या लाजेवरच होता.

नंतर माझ्या इटालियन रूममेटने ते बिल पाहिलं आणि पहिलं विचारलं, मेनूचा फोटो आहे का? नव्हता. ती म्हणाली, एत्तोचा दर लिहिणं कायदेशीर आहे, कोपेर्तोही मेनूवर छापलेला असेल तर द्यावाच लागतो. पण वजनाची शंका असेल तर पैसे भरायच्या आधी तिथेच बसून नगर पोलिसांना बोलवायचं, ११२ लावला तरी चालतो. बाहेर आल्यावर हातात काही उरत नाही. तिनेच २०१८ ची गोष्ट सांगितली. बोलोन्यात शिकणारे जपानी विद्यार्थी व्हेनिसला आले होते, स्टेक आणि मासे खाल्ले, बिल झालं ११०० युरोच्या वर. त्यांनी बोलोन्याला परतून पोलिसांत तक्रार केली तेव्हा देशभर बोभाटा झाला, महापौरांना त्यावर बोलावं लागलं. ती मुलं बोलली म्हणून कळलं तरी.

तेव्हा तुम्ही जाल तर मेनूचा फोटो बसल्याबसल्या काढा, दारातल्या मेनूचाही. मासा पसंत केलात की दोन वाक्यं म्हणा. "प्वो पेसार्लो दावान्ती आ मे?" माझ्यासमोर तोलता का? "क्वान्तो व्येने इन तुत्तो?" सगळे मिळून किती होतील? आकडा कागदावर लिहून घ्या. का-कू करायला लागला तर उठा, पाण्याची बाटली उघडली असली तरी तिचे पैसे ठेवून उठा. आणि पैसे भरल्यावर छापील पावती मागून घ्या. टेबलावर आधी आणून देतात तो कागद बऱ्याचदा नुसता हिशेब असतो.

आईला हे सांगायला मी आठवडा घालवला. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "काट्यावर तुझ्यासमोर घातला होता का गो?"

डिसेंबरात पुन्हा व्हेनिसला गेले, कान्नारेजोच्या बाजूला, जिथे गावातली माणसं जेवताना दिसतात. ब्रांझीनोच मागितला आणि ती दोन वाक्यं म्हटली. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता ताट काउंटरवरच्या काट्यावर ठेवलं आणि चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं. ६४० ग्रॅम, ४१ युरो ६० सेंट. मी ताटातल्या माशाकडे बघत राहिले. त्या दिवशी दाखवलेला मासा याच्याहून बोटभरही लांब नव्हता.