सेंद्रिय सुती चादर, इंदूर: कापडाला चांगले गुण, लेबलाला अर्धे

राजवाडा, शीतलामाता बाजार आणि एमटी क्लॉथ मार्केट या पट्ट्यात 'ऑरगॅनिक कॉटन' लिहिलेले बेडशीट सेट आता बऱ्याच दुकानांत मिळतात. इथे पाहिलेला सेट डबल बेडचा आहे: ९० बाय १०८ इंची एक चादर आणि उशीचे दोन अभ्रे. साधी वीण, पाकिटावर थ्रेड काउंट २००, किंमत २,६५० रुपये. त्याच दुकानात त्याच काउंटचा साधा सुती सेट १,६०० ला आहे. ब्रँडचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. असाच माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि खरा प्रश्न त्यावरच्या लेबलाचा आहे.

आधी कापड. थ्रेड काउंट तपासायला भिंग आणि पट्टी पुरते. एका इंचात उभे धागे १०८ आणि आडवे ९० भरले, म्हणजे एकूण १९८. दावा खरा आहे. बाजारात ६००-८०० काउंट सांगणाऱ्या पुष्कळ चादरींमध्ये दोन-तीन पदरी सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आकडा फुगवलेला असतो, त्यापेक्षा हे सरळ २०० केव्हाही बरे. चादरीचे वजन ८१५ ग्रॅम. क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम. इंदूरच्या उन्हाळ्यात अंगाला बरे वाटेल असे हलके, पण उजेडात धरले तर विरळ न दिसणारे कापड. कोमट पाण्यात धुऊन कडकडीत वाळवल्यावर वजन ७९३ ग्रॅम झाले. हा फरक खळीचा. तीन टक्क्यांच्या आतली खळ ठीकच म्हणायची. निकृष्ट मालात खळ भरपूर असते, दुकानात चादर करकरीत लागते आणि पहिल्या धुण्यातच तिचे फडके होते. इथे तसे होत नाही.

आटण्याचे मात्र आधीच लक्षात घ्या. लांबी २७४ सेंमीवरून २६३ वर आली आणि रुंदी २२८ वरून २२३.५ वर. मागावर उभ्या धाग्यांना ताण जास्त असतो, म्हणून लांबी जास्त आटते. सहा फूट रुंद, आठ इंच जाड गादी असेल तर दोन्ही बाजू झाकायलाच २२३ सेंमी लागतात. खाली खोचायला काहीच उरत नाही आणि रात्रीतून चादर वर सरकते. सहा इंची गादीला दोन्हीकडे जेमतेम पाच-पाच सेंमी मिळतात. पाच फुटी पलंगाला हाच सेट छान बसतो. पाकिटावर 'किंग साइज' छापताना उत्पादकाने धुतल्यानंतरचे माप द्यायला हवे होते.

सेट दोन प्रकारांत येतो: मरून काठाचा छापील आणि न रंगवलेला नैसर्गिक, मांजरपाटासारखा पिवळसर पांढरा. मरून काठ रंग सोडतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून चोळले की गुलाबी डाग येतो, साबणाच्या कोमट पाण्यात आणखी. सुतावर सहसा रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला काही भाग धाग्याला पक्का बसतो आणि काही नुसता चिकटून राहतो. हा चिकटलेला भाग गरम पाण्याच्या दोन-तीन धुलाया देऊन कारखान्यातच काढायचा असतो. पाणी, वाफ आणि वेळ वाचवायला तिथे हात आखडला, की तो रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. म्हणजे रुमालावरचा डाग रंगाच्या कारखान्यातल्या कामाबद्दलही थोडे सांगून जातो.

लेबलाकडे नीट पाहायचे ते इथेच. मरून सेटच्या टॅगवर मोठ्या अक्षरांत '१००% ऑरगॅनिक' आहे आणि खाली छोटे चिन्ह ओसीएस १०० चे. बहुतेक दुकानदार ओसीएस आणि गॉट्स (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) ही दोन्ही चिन्हे एकच समजून सांगतात. ती एक नाहीत. ओसीएस, म्हणजे ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड, फक्त एवढे बघते की शेतातला सेंद्रिय कापूस जिनिंग, सूतगिरणी, माग, शिलाई असा प्रवास करताना साध्या कापसात मिसळला नाही. रंग कोणता वापरला, सांडपाणी कुठे सोडले, शिवणाऱ्याला मजुरी किती मिळाली, यांतले काहीही त्याच्या कक्षेत येत नाही. गॉट्समध्ये हे सगळे येते. कर्करोगकारक अमाइन सोडणारे अॅझो रंग आणि फॉर्मल्डिहाइड यांना त्यात बंदी आहे, ओल्या प्रक्रियेच्या (धुलाई, रंगणी) कारखान्याला सांडपाणी शुद्ध करावेच लागते, बालमजुरी आणि वेठबिगारी चालत नाही, मजुरीची व कामाच्या तासांची तपासणी होते. त्यातही दोन पायऱ्या आहेत. नुसते 'ऑरगॅनिक' म्हणायला ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' म्हणायला ७० टक्के.

या सेटवरचा परवाना क्रमांक ऑनलाइन शोधला तर सापडतो, प्रमाणपत्राची मुदत चालू आहे आणि मालाच्या यादीत बेडशीट आहे. म्हणजे धाग्यापुरता दावा टिकतो. पण जो सेट रुमालावर गुलाबी डाग पाडतो, त्याच्याच रंगणीबद्दल लेबल गप्प आहे. ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. रिअॅक्टिव्ह रंगणीत मीठ भरपूर लागते, आणि साध्या गाळणीने ते पाण्यातून निघत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगशाळांच्या खारट पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरच्या ओरत्तुपालयम धरणाखालची शेती नासली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. कापूस सेंद्रिय असला म्हणून असे पाणी कमी खारट होत नाही.

घरच्या घरी सेंद्रिय कापूस ओळखायची कोणतीही युक्ती नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. धागा जाळला, कागद जळाल्याचा वास आला आणि मऊ राख राहिली तर ते सूत आहे. कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. एवढेच कळते. सेंद्रिय आणि साध्या कापसाचा सेल्युलोज एकच. नैसर्गिक सेटवर दिसणारे तपकिरी ठिपके हे सरकीच्या टरफलाचे कण आहेत. कापड ब्लीच केलेले नाही असे त्यावरून म्हणता येईल, कापूस कुठल्या शेतातला ते नाही. त्यामुळे सगळा भार कागदांवर येतो, आणि कागद खोटे निघाल्याचा दाखला आहे. २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातल्या सुमारे २०,००० टन कच्च्या कापसाची व्यवहार प्रमाणपत्रे (ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे टीसी) बनावट होती. म्हणून कारखान्याचे प्रमाणपत्र आणि लॉटचे प्रमाणपत्र यांत फरक करा. पहिले सांगते की कारखाना असा माल करू शकतो. हा विशिष्ट माल तसा आहे, हे फक्त त्या लॉटची टीसी सांगते. किरकोळ गिऱ्हाइकाला ती कुणी आपणहून दाखवत नाही, पण ठोक घेणाऱ्या दुकानदाराला ती मागता येते, आणि मागायलाच हवी.

इंदूरकरांनी हे मनावर घ्यायला एक खास कारण आहे. घाट उतरले की निमाड लागतो, आणि देशातल्या सेंद्रिय कापसाचा मोठा वाटा मध्य प्रदेशातून येतो. कसरावद भागात तर १९९१ पासून स्विस खरेदीदारासाठी सेंद्रिय कापूस पिकतो आहे. तिथल्या शेतकऱ्याची अडचण वेगळी. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे सेंद्रिय शेतीत न चालणाऱ्या जनुकबदल केलेल्या वाणाला, परवानगी मिळाली, आणि आज बाजारात बिगर-बीटी बियाणे शोधावे लागते. बियाण्यातली भेसळ, शेजारच्या शेतातून मधमाश्यांनी आणलेला पराग, जिनिंगमध्ये आधीच्या मालाची उरलेली रुई, अशा तीन वाटांनी त्याचा माल नापास होऊ शकतो, आणि तिन्ही वाटांवर त्याचा पूर्ण ताबा नाही. नापास झाला की वर्षभराच्या निंदणी-खुरपणीनंतर साध्या भावाने विकावा लागतो.

मग जास्तीच्या १,०५० रुपयांतले त्याच्यापर्यंत किती जातात? सेटचे वजन जवळपास एक किलो. सूतगिरणीतली तूट वीस टक्क्यांच्या आसपास धरली तर सव्वा किलो रुई लागते. कापसातून रुई साधारण एक तृतीयांश निघते, म्हणजे पावणेचार किलो कापूस. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या हिशेबाने एका सेटमधला कापूस सुमारे तीनशे रुपयांचा. सेंद्रिय म्हणून दहा टक्के जादा दिले तर तीस रुपये, वीस टक्के दिले तर साठ. बाकीचा फरक प्रमाणपत्रांची फी, छोट्या लॉटची वेगळी साठवण, पॅकिंग, ब्रँड आणि दुकानाचा वाटा यांत जातो. यातला काही खर्च खरा आहे. पण 'जास्तीचे पैसे शेतकऱ्याला' असे पाकिटावर छापायचे असेल तर किती ते आकड्यात छापा. या सेटवर नुसते शेतकऱ्याचे हसरे चित्र आहे.

मजुरीबद्दल टॅगवर चकार शब्द नाही. ज्या शहरात हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये द्यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तिथल्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न परका वाटू नये. वाट पाहता पाहता त्यातले कितीतरी जण गेले. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त माणसे मेली, तिथे तर जगातल्या नामांकित कंपन्यांचे कपडे शिवले जात होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. धाग्याचा पुरावा देणाऱ्या लेबलाने माणसांचा पुरावा मिळत नाही. 'शिलाई कुठे होते?' या प्रश्नाला दुकानात उत्तर मिळाले, 'पार्टी का माल है, बाहर से आता है.'

एक सावधगिरी: 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणून ८००-९०० रुपयांत मिळणाऱ्या ऑरगॅनिक चादरींचे लेबल बहुधा अर्धे कापलेले असते. परवाना क्रमांकच नसेल तर तो दावा मोजू नका. कापड आवडले तर साधी सुती चादर म्हणून घ्या.

आमची शिफारस नैसर्गिक सेटची. रंगणीच नाही, त्यामुळे लेबलाची मोठी उणीव त्याच्यापुरती लागू पडत नाही, आणि तो दीडशे रुपयांनी स्वस्तही आहे. पहिल्यांदा थंड पाण्यात रात्रभर भिजवून खळ काढा, मग एरवीसारखा धुवा. मरून सेट गॉट्सच्या चिन्हासह आला तरच घ्या, आणि पहिली तीन धुणी वेगळी काढा. गादी आठ इंची असेल तर १०८ बाय १०८ चे माप मागा. ते दुकानात ठेवलेले नसते, मागणी नोंदवून आणवावे लागते. ती नोंदवतानाच लॉटच्या टीसीची प्रत मागून ठेवा.