डीडीरेस्क्यू: अडखळणाऱ्या हार्ड डिस्कमधून वाचेल तेवढं आधी काढून घेणारं साधन

डिस्क अडखळायला लागली की बहुतेक जण फोल्डर उघडून फाइली दुसरीकडे ओढायला घेतात. पहिल्याच खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या लहानशा कप्प्यावर) कॉपी अडते, डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि पुढचा धडधाकट भाग हाती यायच्या आत हेड (डिस्क वाचणारा भाग) निकामी होतं. मरू घातलेल्या डिस्कमध्ये वाचनाची ताकद मोजकीच उरलेली असते. ती कुठे खर्चायची हाच खरा प्रश्न. ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत, मुक्त साधन तो प्रश्न नीट ओळखून बनवलेलं आहे, आणि या कामासाठी आम्ही आधी त्याचंच नाव घेतो.

ते फाइली बघतच नाही. अख्ख्या डिस्कची सेक्टरवार प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढतं. पहिल्या फेरीत मोठे तुकडे भराभर उचलतं आणि त्रास देणारी जागा दिसली की ती सोडून पुढे उडी मारतं. नंतर सोडलेल्या जागांच्या कडा कुरतडतं, मग आतला भाग एकेक सेक्टर खरवडतं, आणि सांगितलं असेल तरच शेवटी खराब सेक्टर पुन्हा वाचून बघतं. कुठला भाग मिळाला आणि कुठला राहिला याची नोंद एका छोट्या मॅपफाइलमध्ये होते. त्यामुळे मध्येच कंट्रोल-सी दाबून थांबलात, डिस्क थंड होऊ दिलीत आणि तीच कमांड पुन्हा दिलीत, तरी काम सोडलं तिथूनच सुरू होतं. या साधनाची खरी किंमत या मॅपफाइलमध्येच आहे. ती न देताही कमांड चालते, पण मग थांबल्यावर सगळं मुळापासून.

कमांडला तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या: स्रोत डिस्क, प्रतिमेची फाइल, मॅपफाइल. पहिल्या फेरीला 'एन' हा पर्याय लावा, म्हणजे खरवडणं टळतं आणि सोपा भाग आधी पदरात पडतो. दुसऱ्या फेरीला त्याच मॅपफाइलसह 'डी' (मधली कॅश टाळून थेट वाचन) आणि 'आर३' (तीन पुनर्प्रयत्न). पुनर्प्रयत्नांचा आकडा वाढवून रात्रभर सोडून देण्यात शहाणपणा नाही. चार-दोन सेक्टरच्या लोभात उरलेली डिस्क जाते. एकाच जागी सारखी अडत असेल तर मोठ्या लिपीतला 'आर' लावून उलट्या टोकाकडून वाचायला लावा, पलीकडचा भाग बऱ्याचदा सहज येतो.

मोठा दोष म्हणजे हे टर्मिनलमध्ये चालतं आणि चुकीला माफी नाही. प्रतिमा फाइलऐवजी थेट दुसऱ्या डिस्कवर घ्यायची तर 'एफ' लावावा लागतो, आणि तेव्हा क्रम उलटा झाला की रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. एलएसबीएलके कमांडने आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर बघितल्याशिवाय एंटर दाबू नका. नावाचाही घोळ आहे: डीडी आणि रेस्क्यू यांच्यामध्ये अंडरस्कोर असलेलं साधन निराळं, आणि डेबियन-उबुंटूमध्ये आपल्याला हवं असलेलं पॅकेज 'जीडीडीरेस्क्यू' नावाने मिळतं. सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलंत तर ते आधीच असतं. मात्र अशा लाइव्ह (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) सिस्टमचं होम फोल्डर रॅममध्ये असतं. मॅपफाइल तिथे ठेवलीत आणि वीज गेली, तर ती गेलीच.

प्रतिमेसाठी जागा मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी धरा, त्यात डेटा किती आहे हे बघू नका. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क चालणार नाही, तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. तेवढा वेळ तिच्यावर पंखा ठेवा. शक्य असेल तर थेट मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला जोडा, कारण बरेच यूएसबी अडॅप्टर वाचनातल्या चुकीवर कनेक्शनच सोडून देतात. मग चुकांचा आकडा एकदम भराभर वाढू लागतो. ते सेक्टर खराब नसतात, डिस्कच गायब झालेली असते. थांबवा, वीज काढून पुन्हा जोडा, डिस्कचं नाव बदललं का बघा आणि मोठ्या लिपीतला 'ए' देऊन अर्धवट राहिलेले भाग पुन्हा वाचायला लावा.

सुरुवातीला डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलचा अहवाल बघाच. ५, १९७ आणि १९८ या ओळींचे आकडे वाढत असतील तर पृष्ठभाग जातोय. फक्त १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला. विंडोजचं चेकडिस्क मात्र चालवू नका, दुरुस्ती करताना ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं. टक-टक आवाज येत असेल किंवा डिस्क फिरतच नसेल, तर हे साधनही उपयोगाचं नाही. वीज काढा आणि स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर नकोच, प्लॅटरवर (आतल्या तबकडीवर) दव धरतं.

प्रतिमा हाती आली की तिची आणखी एक प्रत करा आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. पार्टिशन हरवलं असेल तर टेस्टडिस्क, फाइलींची नावंच गेली असतील तर फोटोरेक. कुठल्या फाइली फाटल्यात हे कळण्यासाठी डीडीरेस्क्यूचा फिल मोड फार कामाचा: मॅपफाइलनुसार न मिळालेल्या जागांत तो एखादा खुणेचा मजकूर भरतो. मग प्रत फक्त वाचनासाठी माउंट करून (सिस्टमला जोडून) ग्रेप या शोधायच्या कमांडने तो मजकूर शोधा. ज्या फाइलींत सापडेल, त्या जुन्या बॅकअपमधून आणायच्या.