सायकल टूरवर पायांसाठी: सनस्क्रीन की लेग स्लीव्ह्ज?

उन्हात लांब निघताना चेहऱ्याची काळजी सगळे घेतात, पाय मात्र विसरतात. सीटवर बसलं की मांड्या जवळपास आडव्या होतात आणि दुपारचं ऊन थेट गुडघ्याच्या वर पडतं.

सनस्क्रीन लावलं की पाय मोकळे राहतात, वारा लागतो. पण ते दर २ तासांनी पुन्हा लावायला हवं, घाम असेल तर त्याआधीच. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांवर धुळीचा थर बसतो, उजव्या पायाला चेनचं काळं वंगण लागतं ते वेगळंच. आठवड्याच्या टूरला एक ट्यूब पुरतही नाही.

लेग स्लीव्ह्ज म्हणजे पायांवर चढवायच्या ताणल्या जाणाऱ्या कापडी बाह्या. यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप) ५० च्या पांढऱ्या स्लीव्ह्ज सकाळी चढवल्या की दिवसभर बघायला नको. अतिनील किरणांचा फार तर पन्नासावा भाग आत येतो. सोलापूरकडच्या कोरड्या उन्हात त्या हातपंपाखाली भिजवा, पाणी उडता उडता पाय गार होतात. कोकणातल्या दमट हवेत मात्र त्या लवकर वाळत नाहीत, चिकचिक होते. तरीही माझं मत स्लीव्ह्जनाच. फक्त शॉर्ट्स आणि स्लीव्ह यांच्यामध्ये चार बोटं रुंदीची जी पट्टी उघडी राहते ती सगळ्यात जास्त भाजते. तिथे सनस्क्रीन लावाच.