फुगा की स्प्रिंग? स्वस्त, वापरून फेकायचा इन्फ्युजन पंप बनवणाऱ्यांसाठी

इन्फ्युजन पंप म्हणजे नळीवाटे तासन्तास हळूहळू शरीरात औषध सोडणारं यंत्र. त्यातला बॅटरीवाला मी आधीच बाजूला ठेवतोय. चांगला असतो, अलार्म देतो, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, आणि चार्जिंगवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. शिवाय आपल्याला स्वस्त आणि वापरून फेकायचा हवाय. मग माझ्यापुढे उरले दोन, एक रबरी फुग्याचा, म्हणजे औषधाने फुगवलेला फुगा आकसत औषध बाहेर ढकलतो तो, नाहीतर स्प्रिंगने सिरिंज दाबणारा. माझं काम डाय-मोल्डचं, एका डॉक्टर मित्राने गळ घातली म्हणून दोन्ही करून पाहिले, फक्त पाण्यावर, माणसावर नाही, आणि तुम्हीही घरी केलेलं काही कुणाला लावू नका, त्यासाठी आयएसओ 28620 नावाचं स्टँडर्ड आहे ते आधी मिळवून वाचा.

पहिली गोष्ट, अचूकपणा फुग्यापेक्षा आणि स्प्रिंगपेक्षाही जास्त असतो तो नळीच्या टोकाजवळच्या बारीक काचेच्या केशनलिकेत. 300 मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब आणि तासाला 2 मिली धार धरली तर 5 सेंटिमीटर लांब नलिकेचं भोक 65-70 मायक्रॉन येतं, केसाच्या जाडीएवढं. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, त्यामुळे भोक फक्त 5 टक्के मोठं निघालं तर धार 20 टक्क्यांच्या वर वाढते आणि 46 तासांचं औषध 38 तासांत संपतं. तेव्हा पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचवा, इथे नको. आणि पातळपणाही बघायला लागतो, 25 अंशाचं पाणी 35 ला गेलं की जवळपास पाव पट जास्त वाहतं. म्हणून तर ही नलिका, ऊब सारखी राहावी यासाठी, कातडीला चिकटवून ठेवायला सांगतात. आमच्याकडच्या घामात ती चिकटपट्टी किती टिकते ते पुढे सांगतो.

आता फुगा. त्याचं कौतुक करायलाच हवं, कारण आवाज नाही, वजन नाही, गळ्यातल्या पिशवीत घालून माणूस बागेत फिरतो. 200-250 मिली भरायचं असेल तर स्प्रिंगचा विचारही करू नका, फुगाच घ्या. सुरुवातीला धार जरा जोरात, मग बराच वेळ सपाट, आणि संपता संपता परत थोडी जोरात. साधा फुगा फुगवताना पहिली फुंकच सगळ्यात जड जाते ना, तेच उलट्या दिशेने. 10-15 टक्के इकडेतिकडे बहुतेक औषधांना चालतं म्हणतात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. करायला मात्र छळतो. सिलिकॉनची भिंत सगळीकडे सारखी जाड यायला हवी, ती माझी तरी कधी आली नाही, आणि भरताना 50 मिलीच्या सिरिंजने दाबून दाबून अंगठा सुजतो. पण हे सगळं चाललं असतं.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कटकटीने. काकांची केमो मुंबईला चालू होती, तिथे पोर्टला (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) बाजारातला चांगला फुग्याचा पंप जोडून घरी पाठवायचे, 92 मिली, 46 तास, आणि संपला की इथल्या सिस्टर काढायच्या. जुलै महिना, बाहेर मुसळधार. रात्री अडीचला काकीचा फोन, "अरे ह्या फुग्यातला औषध कमी होतंय की नाय, मला तर तेवढाच दिसतोय." गेलो टॉर्च घेऊन. मलाही तेवढाच दिसला! नळी बंद करायचा चिमटा उघडा, नळीला पीळ नाही, तरी खात्री होईना, कारण ह्या पंपाला बोलताच येत नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिशवीसकट ठेवला, तासाने परत ठेवला, तेव्हा जरा जीव खाली पडला. काका आपले शांत झोपलेले. औषध पाचेक तास उशिरा संपलं, बहुतेक घामाने पट्टी सुटून नलिका गार हवेत लोंबत होती म्हणून असावं, ते काही फार नाही. पण ती रात्र माझ्या डोक्यातून गेली नाही.

नंतर कागदावर हिशेब केला. 100 मिलीचा गोल फुगा म्हणजे साधारण 58 मिलिमीटर व्यास. आठ तासांत 16 मिली गेलं तर व्यास कमी होतो 3 मिलिमीटर, ते कुणाच्या डोळ्याला दिसणार? तेवढंच पाणी 50 च्या सिरिंजमधून गेलं तर दट्ट्या सरकतो जवळपास 24 मिलिमीटर. सिरिंजवर पांढरी पट्टी चिकटवा, बॉलपेनने रेघ मारा, "रात्री 9", सकाळी बघा. झालं.

म्हणून मी स्प्रिंगकडे झुकलोय, तिच्यातही खोडी आहेत तरी. साधी दाबाची स्प्रिंग सुरुवातीला जोर लावते आणि शेवटी दमते, म्हणून मोजपट्टीच्या टेपात असते तशी गुंडाळीची घ्या, ती किती ओढलीय त्याने जोरात फारसा फरक पडत नाही. 50 च्या सिरिंजला आधी सांगितलेला 300 चा दाब हवा तर पावणेतीन किलोचा जोर लागतो, तेवढी केस, म्हणजे बाहेरचं कवच, मजबूत हवी. पहिली स्प्रिंग मी साध्या स्टीलची घेतली होती, खाऱ्या हवेने महिन्यात तांबूस, आता स्टेनलेसच. आणि दट्ट्याचं रबर कधी कधी अडकून बसतं मग एकदम सुटतं, भरून दोन दिवस ठेवलेल्या सिरिंजमध्ये जास्त, ह्याला मी अजून पूर्ण जिंकलेलो नाही. पण फेकायची वस्तू काय, तर सिरिंज आणि नळी, आणि सिरिंज निर्जंतुक होऊन कुठल्याही मेडिकलात मिळते, ती मला बनवावी लागत नाही. स्प्रिंगची केस परत वापरा.

तपासणी घरच्या घरी होते. बाटली दशांश ग्रॅमच्या काट्यावर ठेवायची, नळी पाण्यात बुडवायची आणि वर खोबरेलचा पातळ थर द्यायचा, नाहीतर पाणी उडून जातं आणि पंप हळू आहे असं उगाच वाटतं. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे ते खोबरेलच गोठलं, तेव्हापासून लिक्विड पॅराफिन.

तुमचं औषध 50 मिलीत बसत असेल आणि रोगी घरी, तोही सिस्टरपासून लांब राहणार असेल, तर माझ्या मते तरी स्प्रिंग. काकांना नमुना दाखवला, त्यांनी हातात उलटसुलट फिरवला आणि विचारलं, "हा रूळ लुंगीत खोवायचा कुठे?" फुगा खिशात मावायचा हे खरं. सध्या काकीकडून कमरेची पिशवी शिवून घेतोय.