घरी ठेवावं की हॉस्पिसमध्ये? शेवटच्या आजारपणातली सेवा निवडताना

"आता आणखी केमो देऊन उपयोग नाही, घरी न्या आणि सेवा करा." हे ऐकून ओपीडीतून बाहेर पडलेल्या कुटुंबाला पहिल्या दोन दिवसांतच बरंच काही ठरवावं लागतं. माणूस राहणार कुठे, औषधं कोण देणार, दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा? पुण्या-मुंबईत आज त्याला साधारण तीन उत्तरं आहेत. एक, घरी येणारं पॅलिएटिव्ह केअरचं पथक, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा देणारी माणसं. दुसरं, मुक्कामाचं हॉस्पिस, म्हणजे तीच सेवा राहून घेता येते ती जागा. तिसरं, नर्सिंग ब्युरोकडून पैसे देऊन ठेवलेली मावशी, ब्रदर (पुरुष परिचारक) किंवा नर्स. चौथं उत्तर म्हणजे पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा आयसीयू. ते सहसा कुणी ठरवत नाही. रात्री श्वास लागतो, घरातले घाबरतात, अ‍ॅम्ब्युलन्स येते आणि ते आपोआप घडतं.

मी अशाच एका पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून घरोघरी जाते. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. वेदना ताब्यात असतील, घरात दोन धडधाकट माणसं आळीपाळीने करणारी असतील आणि रात्री कुणीतरी जाणकार फोन उचलणार असेल, तर घर उत्तम. यातली एखादी गोष्ट जरी नसेल तर आधी काही दिवस हॉस्पिस, आणि मग घर. नुसता ब्युरोचा माणूस ठेवून निर्धास्त होणं मात्र मला पटत नाही.

घरी येणारं पथक

डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक किंवा समाजसेवक अशी तीन माणसं साधारण आठवड्याने किंवा पंधरवड्याने येतात. तब्येत ढासळली की फेऱ्या वाढतात. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह मेडिसिन विभाग आपल्याकडे नोंदलेल्या रुग्णांसाठी शहरात गृहसेवा देतो. 'पालकेअर' ही संस्था मुंबईत हेच काम विनामूल्य करते. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरची पथकं घरी जातात. नागपूरकरांनी 'स्नेहांचल'कडे चौकशी करावी.

पथक घरी आल्यावर नेमकं काय करतं, याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. बीपी बघून, धीर देऊन निघून जात असतील असं वाटतं. खरं काम असतं घरातल्यांना शिकवण्याचं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी रुग्णाला वर कसं सरकवायचं, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) भरवताना डोकं किती उंच ठेवायचं, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी कमरेच्या खाली का टांगायची. नर्स एकदा करून दाखवते, मग सुनेकडून किंवा मुलाकडून करून घेते, आणि पुढच्या भेटीत पुन्हा बघते.

आणि मॉर्फिन, तीव्र वेदनेवरचं औषध. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घर की हॉस्पिस हा निर्णय पुष्कळदा इथेच अडतो. तोंडावाटे घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट न बघता, घड्याळ लावून. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा हे डॉक्टर लिहून देतात. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत असायला हवं. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे शेवट आला, किंवा माणूस व्यसनी होईल, ही भीती घरोघरी भेटते. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलं तर यातलं काही होत नाही. उलट कित्येक जण पहिल्यांदा सलग झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी उठून चहा मागतात.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे अनेक परवाने लागत, म्हणून हॉस्पिटलांनीही ती ठेवणं सोडलं होतं. 2014च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशा सहा औषधांचे (सगळी याच जातीची) नियम देशभर एकसारखे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवता येऊ लागली. म्हणून गृहसेवा निवडताना पहिला प्रश्न हाच: तुमच्याकडे मॉर्फिन आहे का, आणि संपत आलं तर घरी पोचवता की कुणाला तरी यावं लागेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था शोधा.

पथकाची उणीवही तितकीच खरी आहे. बहुतेक धर्मादाय पथकं दिवसा येतात. रात्री मिळतो तो फोन, आणि काही ठिकाणी तोही नाही. दुसरं, त्यांची हद्द ठरलेली असते. शहराच्या एका टोकाचं घर हद्दीत बसतं, नव्या वस्तीतलं बसत नाही. तिसरं, भेटीचा वेळ सोडला तर बाकी सगळं घरातल्यांनाच करायचं असतं. ज्या घरात करणारी एकटी बायको आहे आणि तीही साठीच्या पुढची, तिथे आठवड्याची एक भेट पुरत नाही.

मुक्कामाचं हॉस्पिस

मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलं. देशातलं पहिलं हॉस्पिस ते हेच. ख्रिस्ती धर्मभगिनी, म्हणजे सिस्टर्स, तिथली शुश्रूषा बघतात, आणि बरा न होणारा कर्करोग असलेल्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्यांच्या शाखा आहेत, त्यामुळे गोव्यातल्या कुटुंबाला मुंबई गाठण्याची गरज नाही. पुण्यातलं सिप्लाचं केंद्र 1997चं, तेही विनामूल्य.

या दोन ठिकाणांत कुटुंबाच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि तो आधी समजून घ्यावा. वारज्याला रुग्णाबरोबर घरातलं माणूस राहतं, शिकतं आणि वेदना आटोक्यात आल्या की बहुतेक जण घरी परततात. गरज पडली तर पुन्हा येतात. शांती आवेदनासारख्या ठिकाणी शुश्रूषेचा भार सिस्टर्स उचलतात. ज्याला घरी करणारं कुणीच नाही त्याला दुसरा प्रकार सोयीचा. ज्याला घरी जायचंय पण घर अजून तयार नाही, त्याला पहिला.

एक उदाहरण देते, ओळख लागू नये इतपत. चाळीतली दहा बाय बाराची खोली. घरचा कर्ता पुरुष, तोंडाचा कर्करोग, गालावर उघडी जखम. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच मुलांचा अभ्यास. जखमेच्या वासाने नातवंडं जवळ जाईनाशी झाली, आणि वासाचं त्या माणसालाच इतकं वाईट वाटे की तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपे. त्याला काही दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये नेलं. तिथे नर्सने त्याच्या बायकोला शिकवलं: मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवायची, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची बारीक पूड वर भुरभुरायची, मग व्हॅसलीन लावलेला गॉज, म्हणजे पट्टी काढताना चिकटून रक्त येत नाही. वास दोन-तीन दिवसांत उतरला. तो घरी आला तेव्हा बायको स्वतः ड्रेसिंग करत होती, आणि धाकटी नात आजोबांच्या मांडीवर येऊन बसली. इथे घर की हॉस्पिस असा वाद नव्हताच. हॉस्पिसमुळे घर शक्य झालं.

अडचणी? खाटा थोड्या आणि रांग असते. कागदपत्रं लागतात: बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि उपचार थांबवल्याचं डॉक्टरांचं पत्र. हे पत्र मागायला लोकांना संकोच वाटतो. मागाच, त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. शिवाय बरीच हॉस्पिसं प्रामुख्याने कर्करोगासाठी आहेत. पार्किन्सन, डिमेन्शिया, निकामी होत चाललेलं हृदय किंवा किडनी अशा रुग्णांना दारावरूनच परत यावं लागू शकतं, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि "टाकून दिलं" म्हणतील या भीतीने जे हॉस्पिस टाळतात, त्यांनी एकदा जाऊन वॉर्डात तासभर बसावं. दुखणं थांबलेल्या माणसाचा चेहरा बघितला की नातेवाइकांच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते कळतं.

ब्युरो आणि खाजगी होम नर्सिंग

ब्युरोचा माणूस बारा तासांच्या पाळीला किंवा चोवीस तास मिळतो. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, सोबत ही कामं चांगली मावशी फार मायेने करते. नोकरी करणाऱ्या मुलांना त्याशिवाय इलाजही नसतो. पण मावशी नर्स नव्हे. मॉर्फिनचा डोस, सलाइन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) हे तिच्यावर सोपवू नका. नर्स म्हणून कुणाला पाठवलं असेल तर एएनएम आहे की जीएनएम (नर्सिंगच्या दोन वेगळ्या पात्रता) आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. खरी नर्स या प्रश्नाने दुखावत नाही.

खर्चाचा हिशेब महिन्याचा करा आणि त्यात डायपर, ड्रेसिंगचं सामान, माणसाचं जेवण आणि सुट्टीच्या दिवशीची बदली धरा. मेडिक्लेमवर विसंबू नका. घरच्या उपचारांची सोय बऱ्याच पॉलिसींत असते, पण तिच्या अटी वेगळ्या. दीर्घकाळच्या शुश्रूषेचे पैसे त्यातून सहसा सुटत नाहीत. पॉलिसीतलं ते पान स्वतः वाचा.

माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर रात्रपाळीच्या माणसावर करा. दिवसा कुणी ना कुणी असतं. घरची माणसं मोडतात ती जागरणाने. पथक विनामूल्य आणि रात्रीची मावशी पगारी, ही जोडी मी कित्येक घरांत नीट चाललेली पाहिली आहे.

तपासणीच्या पलीकडची सेवा

दोन संस्था वैद्यकीयदृष्ट्या सारख्याच वाटत असतील तर त्या समाजात काय करतात ते बघा. मी तरी त्यावरच निवड करीन.

संस्थेकडे स्वयंसेवक आहेत का? केरळमध्ये 1993 साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून वस्तीवस्तीतले स्वयंसेवक उभे राहिले. शेजारची शिक्षिका, रिक्षावाला, कॉलेजची पोरं प्रशिक्षण घेऊन रुग्णाच्या घरी जाऊ लागली. 2008 साली तिथल्या सरकारने त्यावर धोरणच केलं. आपल्याकडे ही बाजू अजून लंगडी आहे, आणि मला त्याची खरोखर खंत वाटते. गणपतीत मांडव घालायला अर्धी गल्ली धावते, त्यातल्या दोघांनी आठवड्यातून एक दुपार शेजारच्या आजोबांपाशी बसायचं ठरवलं तर त्या घरातल्या बाईला निदान बँकेत जाऊन येता येईल. जी संस्था असे स्वयंसेवक तयार करते, शाळा-कॉलेजांत जाऊन बोलते, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी येणारा जागतिक हॉस्पिस दिन वस्तीत साजरा करते, ती तुमच्या घरीही फक्त पेशंट बघायला येणार नाही.

साहित्याची सोय मात्र आपल्याकडे चांगली आहे. हवेची गादी, फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर उचलता येणारी खाट), कमोड खुर्ची, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेऊ नका. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं महाराष्ट्रभर आहेत, ठिकठिकाणच्या मंडळांची आणि रोटरी क्लबांचीही आहेत. अनामत भरून नाममात्र भाड्यावर वस्तू मिळते, परत केली की अनामत परत. हवेची गादी पहिल्याच आठवड्यात आणा. पाठीला जखम झाल्यावर आणलेल्या गादीचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

मृत्यूनंतरची भेट ही आणखी एक खूण. चांगलं पथक महिन्याभराने पुन्हा घरी येतं, मागे राहिलेल्यांची झोप, जेवण, औषधं विचारतं. कोणतंही खाजगी बिल याचे पैसे लावत नाही, आणि ब्युरो अर्थातच येत नाही.

गावाकडे असाल तर

राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम 2012पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, सेवांच्या यादीत वृद्धसेवेसोबत पॅलिएटिव्ह केअरही आहे. प्रत्यक्षात काय मिळेल हे जिल्ह्यागणिक बदलतं. जिल्हा रुग्णालयात जाऊन पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष कुठे आहे हे विचारा, आणि गावातल्या आशाताईंना घरची परिस्थिती सांगून ठेवा. मॉर्फिनसाठी शहरातल्या केंद्राच्या ओपीडीत एकदा नाव नोंदवून पुढे फोनवर सल्ला घेणारी कुटुंबं आहेत. दगदग होते, पण जमतं.

घर निवडलंत तर हे कागद

घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी तो नमुना 4-अ मध्ये असतो. स्मशानात तो मागतात आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. पथकाचे डॉक्टर दाखला द्यायला येतील का, रात्री आले नाहीत तर कोण देईल, हे आधी विचारून ठेवा. वाईट वाटतं विचारायला, पण पहाटे चार वाजता अनोळखी डॉक्टर शोधत फिरणं त्याहून फार वाईट. फॅमिली डॉक्टरांना एकदा घरी बोलावून रुग्ण दाखवून ठेवला तर निम्मी काळजी मिटते.

रुग्णाला स्वतःला व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा, पथकालाही द्या. परदेशातून आलेला भाऊ ऐन वेळी "आयसीयूत का नेलं नाही" म्हणतो, तेव्हा घरी असलेल्या बहिणीच्या हातात तो कागद असलेला बरा.

ठरवायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण नाव नोंदवायला थांबू नका. केमो चालू असतानाही पॅलिएटिव्ह ओपीडीत जाता येतं. घरची सेवा हवी की खाट, हे तिथे नंतर सांगितलं तरी चालतं. फाइलची झेरॉक्स, चालू औषधांची यादी आणि घरचा पत्ता खुणेसकट लिहून न्या. जिना किती मजल्यांचा आहे आणि लिफ्ट आहे का, तेही लिहा. स्ट्रेचर लागेल त्या दिवशी पथकाला ते आधीच माहीत असलेलं बरं.